दुसरी घागर

पेपर वाचायचा तर मनात वाच, घरात मोठ्यानं नको, वाईट बातमीला घर दाखवू नये, असं यशोदाबाईंनी सुनेला बजावलं होतं. कॉलेजात शिकलेल्या मंजुळेनं ते हसण्यावारी नेलं. नवरा, पंडित, यंत्रकाम शिकायला लंडनला गेलेला. तिथली बातमी त्याच्या आईला नको का कळायला? म्हणून गेल्या थंडीत तिनं मोठ्यानं वाचलं होतं: जर्मनांनी नवा अग्निबाण केलाय, लंडनवर सोडतात. इतक्या वेगानं जाणारं माणसानं आजवर काही केलेलं नाही. आवाजालाही मागं टाकतो. आधी पडतो, मग त्याचा आवाज येतो.

आज अखाजीची, अक्षय्यतृतीयेची, आदली दुपार. बेबाबाई कुंभारीण ओट्यावर टोपलं उतरवून बसली होती. अमळनेरात अखाजीला घरोघर मरून गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिकडं त्यांना तहान लागू नये म्हणून. या घरात दरसाल एकच लागे, सासऱ्यांची.

"दोन दे," यशोदाबाई म्हणाल्या.

"दुसरी कोनी वं, अक्का?"

"मना पंडितनी."

बेबाबाईची नजर मंजुळेच्या कुंकवावर गेली आणि चटकन टोपल्यात वळली.

मंजुळेनं आपल्या पोराला छातीशी धरलं. "आत्याबाई, काय बोलता हे! लढाई संपली. टपाल तुंबलंय, बोटी..."

"बठ्ठा लोकेसना कागद उनात. याना संक्रांतपाईन नही. तूच वाचं ना, पह्यले पडस, मंग आवाज येस? आपलाकडे आवाज आजून येल नही, इतलंच." म्हातारीचे डोळे कोरडे होते. "तठे तिसा, बिनपानीना र्‍हायना तं मना पोर्‍या?"

"आणि जिवंत असला तर?"

"मंग पानी वाया जाई."

मंजुळेनं पोर कडेवर घेतलं, बेबाबाईनं काढून ठेवलेली दुसरी घागर उचलली आणि टोपल्यात परत ठेवायला वाकली. बेबाबाईनं टोपलं मागं ओढलं.

"नाव लियेल घागर मी परत लेस नही, माय. मना बी दोन पोर्‍या शेतस."

तेव्हा मंजुळेनं ती पायरीच्या दगडावर आपटायला डोक्याइतकी उंच धरली. हात तिथंच अडला. घागर फोडतात ती चितेपाशी.

हळूच खाली घेतली. भरवेना, फोडवेना, परत जाईना. एका कडेवर पोर आणि दुसऱ्या कडेवर रिकामी घागर घेऊन ती ओट्यावर उभी राहिली. बेबाबाई पुढच्या घराकडं निघून गेली. तिथं ती काय सांगणार, हे मंजुळेला ठाऊक होतं.

तुमचं कुणी लंडनात असेल तर मंजुळेचा एवढा निरोप पोचवा. गोदीमागच्या गल्लीत, लॉन्ड्रीच्या माडीवर, पंडित झुलाल पाटील राहतो का, बघून यायला सांगा. हाक मारायच्या आधी, माडी आहे का ते बघा म्हणावं.