भरावाची परवानगी

नगरपालिकेला उभ्या राहिलेल्या अश्वजितने महाडात पत्रकार परिषद बोलावली; शेजारी बिल्डर ऐसपैस बसला होता. बाकी वार्ताहर बटाटेवड्यांत गुंतले होते. अश्वजितची धाकटी बहीण निशा तेवढी माईक घेऊन उठली. “प्रचाराचा खर्च हे साहेब करतायत. निवडून आल्यावर नदीकाठी भराव टाकायला यांना परवानगी देणार?” अश्वजितचा चेहरा उतरला. “घरी बोलू गो.” “घरी मी बहीण. इथे वार्ताहर हाय.” बिल्डर हसला. “ताई, तुमच्या चॅनेलला जाहिरात देतो, बसा.” निशा बसली नाही. “पुराचं पाणी आपल्याच वस्तीत शिरतं, दादा. बोल.” अश्वजित म्हणाला, “नाय देणार परवानगी.” बिल्डर उठला, त्याच्यामागे प्रचाराच्या गाड्याही गेल्या. संध्याकाळी अश्वजित पायी प्रचाराला निघाला आणि निशा पुढचा प्रश्न घेऊन मागोमाग.