दुपारचं गरम पाणी

नळ सोडला आणि पुन्हा तेच. कोमट पाणी. दिवसभर रणरणतं ऊन, गच्चीवर सोलरची भरलेली टाकी, तरी संध्याकाळी नर्सबाईच्या वाट्याला हे असलं पाणी. वॉर्डातून आल्यावर कढत पाण्याने अंग धुतल्याशिवाय तिला घरी आल्यासारखं वाटत नसे.

"सोलर बिघडलंय," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

तिने प्लंबरला बोलावलं. गच्चीवरून उतरता उतरता तो हसला. "सोलर ठणठणीत आहे बाई. पाणी झकास तापतंय. दुपारी कुणीतरी टाकी उपसतंय."

दुपारी घरात एकटा नवरा. बस चालवणं सुटल्यापासून तो घरीच असे, आणि आंघोळीला तर त्याला सकाळीसुद्धा ढकलावं लागे. तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग एकेक गोष्ट खुपायला लागली. सकाळी पलंगावर निळी चादर असायची, संध्याकाळी पांढरी. "धूळ बसली होती," तो म्हणायचा. कधी नव्हे ते खिडक्या सताड उघड्या, खोलीत साबणाचा घमघमाट. रात्री तर तो तिच्या शेजारी झोपायचंच टाळू लागला. झोप येत नाही म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचा. त्यात शेजारणीने जिन्यात गाठून विचारलं, "दुपारच्या धुण्याला बाई लावलीत वाटतं?"

'बाई' ऐकून ती उरलेला जिना धाडधाड चढून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. आवाज न करता किल्लीने दार उघडलं, चपला हातात घेतल्या. न्हाणीघर आतून बंद. आत नळ धो धो वाहत होता.

"कोण आहे आत?"

नळ थांबला. "मी."

"आणखी कोण आहे? दार उघडा आधी!"

कडी निघाली. वाफेत नवरा एकटाच उभा होता. बाह्या वर सारलेल्या, हातात ओली चादर. बादलीत त्याचाच पायजमा भिजत होता. साबणाच्या आडून येणारा वास तिने तिथल्या तिथे ओळखला. तोच तर ती रोज वॉर्डातून अंगावर घेऊन येई.

"दुपारी जरा डोळा लागला, की मग कळतच नाही गं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "रात्री जागा राहतो, म्हणून निभतं."

मोठी चादर त्याला एकट्याला पिळवत नव्हती. तिने पर्स खाली ठेवली, दुसरं टोक धरलं. पीळ घालता घालता हळूच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

त्याने चादरीला शेवटचा पीळ घातला.

"दिवसभर पेशंटच्याच चादरी बदलतेस. म्हटलं, घरी आल्यावर तरी तुला नवरा भेटावा."