पहिला उन्हाळा

मुलाला घरून काम करायला खोली हवी झाली आणि आईची रवानगी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. उन्हाळा लागला तशी ती खोली भट्टीसारखी तापू लागली.

"अरे, दुपारी जीव नकोसा होतो. पत्र्यावर काहीतरी आडोसा कर," असं तिने सांगितलं, तेव्हा मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "होते सवय, आई."

रविवारी मात्र साहेब स्वतः कुंडी उचलून गच्चीवर आले. कुंडीत पिवळ्या फुलांचं रानझुडूप होतं.

"आपल्याच मातीतलं आहे. उन्हाला अजिबात दाद देत नाही," असं म्हणत त्याने घाम गाळून चार बांबू बांधले आणि वर हिरवी जाळी ताणली.

"दाद देत नाही, तर मग जाळी कशाला?"

"नवीन आहे ना! पहिला उन्हाळा जपावं लागतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गच्चीवरचा तिचाही हा पहिलाच उन्हाळा होता.

एरवी जिना चढायला कंटाळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी भर दुपारी झुडपाची चौकशी करायला वर आला. बघतो तर जाळीखाली खाट टाकून आई ऐसपैस पसरलेली.

"झुडूप कुठंय?"

"माझ्या खोलीत. दारही लावून घेतलंय."

"पत्र्याखाली? या उन्हात?" तो ओरडलाच. "आई, मरेल ना ते!"

"नाही रे," कूस बदलत ती म्हणाली, "होते सवय."