चौदावी पायरी

रविवारची मिस्सा झाली, जेवण झालं, आणि बरोबर तीन वाजता ऑगस्टीन लॅपटॉपसमोर बसला. कानाला हेडफोन, नाकावर चष्मा, डाव्या हाताला वही. वहीत बावीस पायऱ्या होत्या. लॅपटॉपवरचा लढाईचा एक खेळ नवशिक्यांना शिकवणारा व्हिडिओ थांबवून थांबवून त्याने त्या उतरवून घेतल्या होत्या आणि सहा आठवडे घोकल्या होत्या. चाळीस वर्षं पाचूबंदरहून होडी नेणाऱ्या या तांडेलाने शाळेतही एवढा अभ्यास केला नव्हता. त्याची बायको मार्गारेट तर म्हणायची, ऐकून ऐकून एक दिवस रोजरीच्या प्रार्थनेत माझ्याच तोंडून 'आता दोन माणसं लाकूड तोडायला पाठवा' बाहेर पडणार.

"पप्पा, आहात ना?" डब्लिनहून लेकीचा, एलिसाचा आवाज आला. "रेडी?"

"रेडी."

"आज नीट खेळा हां. सलग पाच हरलोय आपण. आज पण तसंच झालं ना, तर नेक्स्ट संडेपासून मी शॉनला घेते. ऑफिसमधला आहे. मला पण माझी रँक बघायला लागते."

ऑगस्टीनला त्या रँकशी काही देणंघेणं नव्हतं. फोनवर लेक तीन मिनिटं बोलायची. जेवलात का, गोळी घेतली का, मम्मी कुठाय, संपलं. खेळात मात्र ती पाऊण तास त्याच्या कानात असायची. हसायची, ओरडायची, मध्येच काहीतरी गुणगुणायची. तेवढ्यासाठी तो बावीस काय, दोनशे पायऱ्या पाठ करायला तयार होता.

खेळ सुरू झाला. गाव वसवायचं, लाकूड-धान्य जमवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्या दोघांना संपवायचं. खाडीच्या अलीकडे बापाचं गाव, पलीकडे लेकीचं, मध्ये एक पूल. ऑगस्टीनचं बोट वहीवरून एकेक ओळ खाली सरकत होतं. दोन माणसं लाकडाला. चार शेतावर. एक घर. मग धक्का, मग होड्या. तेराव्या पायरीला त्याच्या नऊ होड्या समुद्रात मासळी धरत होत्या.

"मस्त पप्पा! आज एकदम टायमात आहात."

"मार्गारेट, ऐकलंस?" तो स्वयंपाकघराकडे बघून ओरडला. हेडफोन आपल्या कानाला आहेत हे बिचाऱ्याच्या लक्षातच नव्हतं.

तेवढ्यात शत्रूचं एक लढाऊ जहाज आलं आणि अगदी टोकाच्या होडीवर बाण सोडू लागलं.

चौदावी पायरी याच्यासाठीच होती. ऑगस्टीनचं बोट तिच्यावरच होतं. एका होडीवर हल्ला झाला तर तिचा नाद सोडा, बाकीच्या ताबडतोब बंदरात आणा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने धडाधडा सांगितलं असतं. पण होडी पेटलेली दिसली आणि त्याचा हात वहीला विचारायला थांबला नाही. पाचूबंदरात एखादी होडी अडचणीत आल्याचा निरोप आला की बाकीचे जाळी कापून तिकडे वळतात. कोणाची होडी, कोण कोणाशी बोलत नाही, हे मग किनाऱ्यावर आल्यावर. त्याने उरलेल्या आठही होड्या तिच्याकडे वळवल्या.

मासेमारीच्या होड्या त्या. हत्यार एकीवरही नव्हतं. दोन मिनिटांत नऊच्या नऊ बुडाल्या.

"पप्पा, हे काय केलंत?"

"ती पेटली होती, बाय."

"पप्पा, तो गेम आहे!"

मासळी गेली, धान्य आटलं, सैन्य उभं राहीना. शत्रूची माणसं किनाऱ्यावर उतरून त्याची घरं पाडू लागली. वहीत यावर काहीच नव्हतं. पंधरावी पायरी सांगत होती, आता दहा होड्या झाल्या असतील, बाजार बांधा.

"एलिसा, पोरी, सैन्य पाठव. लवकर."

"येते, येते."

तिचे निळे शिपाई पुलावर आले. ऑगस्टीन पुढे सरकून बसला. चाळीस तरी असतील. अर्ध्या पुलावर ते थांबले. कानात काही क्षण नुसती बटणांची टकटक ऐकू आली. मग शिपाई वळले आणि आले तसे परत निघाले.

"सॉरी पप्पा. तुम्हाला वाचवायला आले तर दोघंही जाऊ."

त्याचं शेवटचं घर पडलं. पडदा करडा झाला. खेळातून गेलेल्या माणसाला पुढचं नुसतं बघता येतं. ऑगस्टीन वीस मिनिटं बघत राहिला. ती एकटी लढली आणि छान लढली.

"जिंकलो!" एलिसा ओरडली. मग जरा वेळाने म्हणाली, "पप्पा, पुढच्या संडेला मी शॉनबरोबर खेळते हां. तुम्ही व्हिडिओ बघत राहा. नीट यायला लागलं की सांगा मला."

"हो बाय. आनि तू जेव—"

ती गेलेली होती.

मार्गारेट हात पुसत बाहेर आली. "कोन जिंकलं?"

"एलिसा."

"मंग तोंड कशाला पाडलंय? तुमाला काय झालं?"

"माझं गाव गेलं."

"आनि पोरगी? आली नाय मदतीला?"

ऑगस्टीनने वही तिच्यापुढे सरकवली आणि चौदाव्या पायरीवर बोट ठेवलं. मार्गारेटने डोळे बारीक करून एकेक शब्द वाचला. तिचा नाद सोडा. तिने पुन्हा वाचलं.

"हे असं कोन शिकवतं?"

"मला नुसतं पाठ हाय गो," ऑगस्टीन म्हणाला. "तिला येतं."