न बोलता आणलेलं पाणी

वोर्शाने आधी मातीची सुरई कुंपणापलीकडे ठेवली, मग परकर सावरून स्वतः चढली. 'प्रवेश बंद' ही पाटी तिने वाचली नाही असं नाही. वाचली आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

कोळशासाठी तिचं वोल्शिना गाव खणून काढलं होतं. मग खड्ड्यात पाणी सोडलं आणि त्याचं तळं झालं. आता तिथे शिडाच्या होड्या फिरतात, क्रौंच पिल्लं वाढवतात, आणि सायकलवरून आलेले लोक किती सुंदर म्हणून फोटो काढतात. काढोत बापडे. त्यांची घरं शाबूत आहेत.

गावाबरोबर ओढाही गेला. ईस्टरच्या पहाटे वाहतं पाणी भरायचं, तर तळ्यात पडणारा हा पाट तेवढा उरला होता. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत बाईने तोंडातून शब्द काढायचा नाही. पूर्वी वाटेत गावची पोरं आडवी यायची, बोलतं करायला वाट्टेल तसं छळायची. तो छळ सोसून मुकाट्याने आणलेल्या पाण्यालाच गुण. शब्द निघाला की ते नुसतं पाणी. आता पोरं शहरात गेली होती आणि पाणी भरणारी वोर्शा एकटीच उरली होती. तिला ते हवंच होतं. तिच्या नवऱ्याच्या, हांद्रीच्या छातीत जन्मभराची कोळशाची धूळ बसली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

सुरई भरली तोच तोंडावर बॅटरीचा झोत आला.

"ए आजीबाई! पाटी दिसत नाही होय?"

झोतामागे कोळसा कंपनीचं पिवळं जाकीट होतं.

वोर्शाने सुरई उचलली.

"नाव सांग. नुसतं नाव सांग, सोडून देतो."

ती चालू लागली. जाकीटही बरोबर चालू लागलं.

"मुकी आहेस की माज आलाय? अगं, खाणीचं घाण पाणी ते! बदकंसुद्धा नाक मुरडतात."

तिने मान आणखी ताठ केली.

"कुणासाठी नेतेस? नवऱ्यासाठी? तो काही वाचत नाही. शवपेटी सांगून ठेव, स्वस्तात मिळेल. एकटीच राहणार आहेस तू. ऐकतेयस ना? एकटी!"

वोर्शाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओठ दाताखाली धरला. पाय मात्र थांबू दिला नाही.

चढावर त्या माणसाला धाप लागली आणि तो मागे पडला. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिने बघितलं नाही.

घरी येऊन तिने सुरई टेबलावर ठेवली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. पिवळं जाकीट खुंटीला अडकवून तो माणूस खाटेवर बसला, खोकला आवरेपर्यंत थांबला आणि तिच्यापुढे मान वाकवली.

"फार लागलं का गं?" हांद्रीने विचारलं.

वोर्शाने अख्खी सुरई त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"पुढच्या ईस्टरला याहून कडू बोल," ती म्हणाली.