समोरचं तेवढं

"पाणी किती पिता, काकू?" डॉक्टरांनी विचारलं.

नवऱ्याकडे बघायला तिला पुरती मान वळवावी लागली. "यांना विचारा. जन्मभर गावाला पाणी सोडलं, आता मला सोडतात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

नवरा गावच्या नळयोजनेवरचा निवृत्त व्हॉल्व्हमन. तिची तहान भागत नव्हती, म्हणून त्याने साखर तपासून घेतली होती. ती ठीक निघाली. मग सवयच असणार, असं ठरवून त्याने तिच्या पाण्याच्या वेळा बांधून दिल्या. सवय नव्हे, डॉक्टर म्हणाले. मेंदूखालची ग्रंथी शरीरात पाणी धरून ठेवते, तिचं ते काम थांबलं होतं. आता रोज गोळी, आणि तहान लागेल तेव्हा पाणी.

त्या ग्रंथीवरची गाठ जुनीच. वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवलं होतं. घरात गाठीला भाडेकरू म्हणत. पण आता तपासणीसाठी नाकावाटे काढलेल्या तुकड्यात गाठीच्या पेशींमध्ये दुसऱ्याही पेशी निघाल्या. तिला पूर्वी झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या. तो बरा झाला, असं सगळे धरून चालले होते.

"गाठ साधी आहे, असं तुम्हीच म्हणायचात," नवरा म्हणाला.

"साधीच होती, काका. कॅन्सर तिच्यात येऊन राहिला."

"म्हणजे भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला," ती म्हणाली.

नवऱ्याला हसू फुटलं. मग तो बराच वेळ खिशात रुमाल शोधत राहिला.

गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती; तिचं दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंच होतं. रेडिएशन घेतलं नाही तर समोरचंही जाईल. घेतलं तरी आजार मुळापासून जाणार नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. मागच्या खेपेच्या रेडिएशननंतर, पुन्हा त्या टेबलावर झोपणार नाही, असं तिने घरी ठणकावून सांगितलं होतं. आज ती नुसती उठली.

व्हरांडा लांबलचक होता. तो तिच्या खांद्याला लागून चालत होता.

"शेजारी नका चालू. तिथे तुम्ही दिसत नाही."

तो पुढे झाला, पावलं आखूड टाकू लागला. लिफ्टचं बटण दाबून, मागे न वळता त्याने विचारलं, "काय सांगायचं डॉक्टरांना?"

ती भिंतीला टेकून दम घेत होती.

"उद्यापासून येतो म्हणावं. आणि कॉलर सरळ करा, मागून दुमडलीय."

त्याने हात मानेमागे नेला. कॉलर सापडेपर्यंत लिफ्ट येऊन गेली.