बिल्ला नंबर चारशे बारा

"गव्हाच्या कोठीत पाहिलं काय?" यमुताईंनी अंगणातून विचारलं.

"पाहिलं. गव्हात नाई," चंपतराव म्हणाले आणि बाहीचा कोंडा झटकून पलंगाखाली शिरले.

रविवारची सकाळ होती आणि सगळं घर उलटंपालटं झालं होतं. गाद्या उन्हात, ट्रंका अंगणात. देव्हाऱ्यातले देवसुद्धा एकदा उचलून पाहून झाले होते. हरवला होता चंपतरावांचा बिल्ला. कारखान्याच्या फाटकावर रोज दाखवायचा, रुपयाएवढा पितळी तुकडा, त्यावर ठोकलेला आकडा ४१२. एकतीस वर्षं तो त्यांच्या खिशात होता. उद्या त्यांची शेवटची ड्यूटी होती, आणि बिल्ला जमा केल्याशिवाय साहेब रिटायरमेंटच्या कागदांवर सही करत नाहीत, असा नियम होता.

नववीतली पुष्पलता दप्तर छातीशी धरून दारात उभी होती. बिल्ला कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. तो तिच्या दप्तरात होता, बाबांसाठी केलेल्या ग्रीटिंग कार्डावर, सूर्य होऊन.

कार्डासाठी पितळेचे तुकडे तिने बाबांकडेच मागितले होते, शाळेच्या कामाचं नाव सांगून. वीस तारखेला त्यांनी भंगारातले तुकडे डबाभर आणून दिले. यमुताईंनी आधी गेटपास मागितला, त्यावरची तारीख आणि वजन बोट ठेवून तपासलं, मगच डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला. यमुताईंना अक्षरं येत नसत, पण आकडे पक्के येत. कारखान्याची एक पेन्सिल चुकून खिशातून घरी आली होती, तेव्हा त्यांनी नवऱ्याला भर उन्हात परत पाठवलं होतं. त्या गोष्टीवरून मोहल्ला अजून हसत असे.

डब्यात काय नव्हतं! तांब्याचे गोल चकत्यांसारखे वायसर, बारीक तारा, लेथवर निघालेला पितळेचा कुरळा कीस. पुष्पाने निळ्या पुठ्ठ्यावर संत्र्याचं झाड केलं. वायसरांची संत्री लटकवली, किसाचे किरण केले. डब्याच्या तळाशी, रुमालाच्या चिंधीत बांधलेला, बिल्ला सापडला. झिजून गुळगुळीत झालेला, सोन्यासारखा. बाबा आता रिटायर होणार, त्यांना याचं काय काम, म्हणूनच टाकला असेल, असं तिने धरलं. बाबांच्या कार्डावर याहून शोभेल असं दुसरं काय असणार? आकडा वर ठेवून तिने तो तारेने शिवून टाकला आणि आनंदाने टाळीच वाजवली.

आता दारात उभ्या उभ्या तिने दप्तर आणखी घट्ट धरलं.

"पुष्पीच्या डब्यात पाहू काय?" यमुताईंनी विचारलं.

"तो मीच पाहिला सकाळी. काही नाई त्याच्यात," पलंगाखालून आवाज आला. बाबा चक्क गुणगुणत होते. फार दुःख झालं की माणूस असंच करत असेल, असं पुष्पाला वाटलं आणि ती रडायच्या बेतात आली.

"काल शेजारच्या रंभाबाईले चाळणी देली होती. तिच्यात तं नाई गेला?" असं म्हणत यमुताई पदर खोचून बाहेर पडल्या.

आता नाही तर कधीच नाही. पुष्पा पलंगाजवळ उकिडवी बसली.

"बाबा, बाहेर या नं. मले काही सांगाचं आहे."

चंपतराव केसांत जाळं घेऊन बाहेर आले. "काय झालं वं? काहून रडून राहिली?"

तिने कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुमच्यासाठी केलं. उद्या देणार होते. मले वाटलं, तुम्ही बिल्ला फेकून देला."

चंपतरावांचा अंगठा संत्र्यांवरून फिरला, किरणांवरून फिरला आणि बिल्ल्यावर येऊन थांबला. डोळे भरून आले.

"सूर्य केला माह्या पोरीनं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं खिशात अंधारात होता बिचारा."

पुष्पाने कंपासपेटीतली कात्री काढली. "मी तार कापते. कार्ड फाटलं तं फाटू द्या. तुमचे कागद नाई अडले पाहिजे."

"ठेव ते खाली. नाई अडत कागद."

त्यांनी बंडीच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "वाच. पण मोठ्यानं नको वाचू."

तो साहेबांना केलेला अर्ज होता. बिल्ला नंबर ४१२ हरवल्याबद्दल. 'मंजूर' असा शेरा, साहेबांची सही, कारखान्याचा शिक्का. सहीखाली तारीख होती १८-३-७५, डबा घरी आला त्याच्या दोन दिवस आधीची.

पुष्पाने ती दोनदा वाचली. मग डब्याकडे पाहिलं. मग बाबांकडे.

बाहेर फाटकाची कडी वाजली. रंभाबाईकडून यमुताई परत येत होत्या. चंपतराव लगबगीने पुन्हा पलंगाखाली शिरले आणि आतून कुजबुजले,

"बिल्ला पलटवून बसव वं, लवकर! तुह्या आईले आकडे वाचता येते."